आवळ्याच्या झाडाकडे तोंड करून

आमच्या सोसायटीतल्या बायका यंदा दिवाळीच्या आधी दुबईला जाऊन आल्या. मी गवत बघून आले. त्यांनी उंच इमारतीसमोर काढलेले फोटो दाखवले, मी कुसळं लागलेला परकर दाखवला. फोटो सगळ्यांनी पाहिले. परकर कुणी नीट पाहिला नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

गेले होते कलबुर्गी आणि बिदर जिल्ह्यांत, म्हणजे माझ्या सासरच्या मुलखात. आमचं गाव कोहिनूरपासून जवळ. कोहिनूर म्हटलं की पुण्यात लोक लंडनचा विषय काढतात. आमचं कोहिनूर बसवकल्याण तालुक्यात आहे, अजून जागेवर आहे आणि तिथं सोयाबीन होतं.

जाण्याचं कारण असं. आमचे हे गेल्या वर्षी गेले. दवाखान्यात मी त्यांचा हात धरून म्हटलं होतं, "तुमच्या नावानं माळावर जंगल उभं करीन." ते म्हणाले, "बरं." आता ह्यांच्या 'बरं'वरून काही कळायची सोय नव्हती. भाजी खारट झाली तरी बरं, मुलाचं लग्न ठरलं तरी बरं. मी आपला तो होकार धरला.

माळ म्हणजे गावाच्या वरच्या अंगाला असलेला आमच्या वाटणीचा तुकडा. लाल, दगडाळ आणि उघडा. कागदावर तो पडीक, गावाच्या तोंडी 'खराब', आणि लग्न होऊन आल्या दिवसापासून माझ्या मते 'काहीतरी करायला हवं असलेला'. ह्यांच्यामागे तो माझ्या नावावर आला. मग धाकटे दीर, शिवराज भावजी, यांचा फोन आला.

"वैनी, समदं ठरलंय बगा. झाडं फुकट भेटायलीत, जेसीबी सांगितलाय, शहरातनं सायेब येणारेत. दादाच्या नावाचं स्मृतिवन. तुमी फकस्त या आन् पयलं झाड लावा."

साहेबांना दसऱ्यानंतरची तारीख सोयीची होती. पाऊस काही साहेबांसाठी थांबला नाही. पण भावजी म्हणाले, टँकर लावू.

दुसऱ्या दिवशी सईचा फोन. सई माझी नात, मुलाची मुलगी. कडगंचीच्या विद्यापीठात शिकते. कुठल्या मातीत, कुठल्या उतारावर, किती ओलीत कोणती झाडं नि कोणती गवतं एकत्र नांदतात, हा तिचा विषय. घरात सगळ्यांना वाटतं ती कॉम्प्युटर शिकते. आम्ही तसंच वाटू दिलं आहे.

"आज्जी, त्या माळावर माझे चौकोन आहेत," ती म्हणाली.

चौकोन म्हणजे तारेचं कुंपण घातलेले लहान तुकडे. आत मेंढी जात नाही, बाहेर जाते. आतलं गवत आणि बाहेरचं गवत कसं बदलतं ते ती दोन वर्षं बघत होती. जेसीबी फिरला की चौकोन गेले, आणि चौकोन गेले की दोन वर्षं गेली.

"तू नाही म्हण ना, आज्जी."

"मी तुझ्या आजोबांना शब्द दिलाय."

मग म्हणाली, "समारंभाच्या आधी चार दिवस ये. मी तुला फिरवते. मग काय ते तू ठरव."

मी म्हटलं, "बरं."

कडगंची

कलबुर्गी स्टेशनावर शहाबादी फरशीच्या बाकावर सई माझी वाट बघत होती. तिथून कडगंचीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर, नुकती पिवळ्या फुलांवर आलेली. जमीन काळी, इतकी काळी की ढगाची सावली पडली तर कळू नये.

"आज्जी, कुठली झाडं दिसतात?"

"बाभळी."

"आणखी?"

"बाभळी."

"का बरं?"

हा प्रश्न मला एकविसाव्या वर्षी कुणी विचारला असता तर मी लगेच सांगितलं असतं, की इथल्या लोकांना सौंदर्यदृष्टी नाही. विचारला नव्हता तरी सांगितलंच होतं. नवी नवरी म्हणून आले, ओसरीवर बसले आणि सासूबाईंना म्हटलं, "बांधावर गुलमोहर का नाही लावत तुम्ही?" त्या ह्यांच्याकडे बघून कानडीत काहीतरी बोलल्या. मी अर्थ विचारला. हे म्हणाले, "बरं म्हणतेय." पुढे मला कानडी येऊ लागलं तेव्हा कळलं की त्या म्हणाल्या होत्या, हिला आधी भाकरी थापू दे, झाडाचं मग बघू.

सईनं मला एका बांधावर बसवलं आणि जमिनीतली भेग दाखवली. अजून बारीक होती, उन्हाळ्यात त्यात हात जाईल म्हणाली. काळी माती पावसात फुगते, पाणी धरून बसते, मुळांचा श्वास कोंडते. उन्हात आकसते आणि माझ्या टाचेसारखी फुटते. फुटताना आतली नाजूक मुळं तटातट तोडते. ज्याला बुडणं आणि तुटणं दोन्ही सोसेल त्यानं राहावं. बाभूळ राहते. बांधावर मारवेल नावाचं गवत होतं, जाड पेरांचं, तेही राहतं. गुलमोहराचं नाव सईनं काढलं नाही. मीही काढलं नाही.

दुपारी जवारीची कडक भाकरी आणि शेंगांची चटणी खाल्ली. ही भाकरी पापडासारखी मोडते आणि आठवडाभर टिकते. पुण्यात भाकरी मऊ लुसलुशीत असली की कौतुक होतं. इथं मऊ निघाली तर विचारतात, घाईत केली का? दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीला सुशीला. चुरमुरे भिजवून फोडणीला टाकलेले, वर दाण्याचं कूट. लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी सासूबाई मला म्हणाल्या होत्या, "सुशीला खाऊन घे." मी पदर सावरून विचारलं होतं, "सुशीला कोण?" ती गोष्ट अजून चार गावांत सांगतात. माझं नाव बहुतेकांना माहीत नाही, गोष्ट माहीत आहे.

बिदर

बिदर आमच्या गावाच्या वाटेवर नाही. सई म्हणाली, तरी बघायचंच. एसटीची खिडकी मला दिली आणि म्हणाली, जमिनीचा रंग बघत राहा. तूर, सोयाबीन, काळं, काळं, मग गाडी चढाला लागली आणि एकदम लाल. कुणीतरी रेघ मारल्यासारखं.

हा लाल दगड तुम्ही पाहिला नसेल तर अनारसा आठवा. तीच जाळी, तोच रंग, तळणीतून जरा उशिरा काढलेला. पाणी ओता, थांबत नाही, आत जातं. वर धूळ कोरडी. आत गेलेलं पाणी खाली चिकण मातीच्या थरावर बसतं, सरकत सरकत पठाराच्या काठाशी जातं आणि तिथं झरा होऊन बाहेर येतं.

पठारावर सीताफळीची झुडपं, तरवड, मधूनमधून पळस. सगळी जणू एकमेकांशी अबोला धरून दूरदूर उभी. रस्त्याच्या कडेला एक बाई टोपलीत सीताफळं घेऊन बसली होती.

"अम्मा, खाके तो देखो. शक्कर है."

मी विचारलं, "किसकी बाग की है?"

"बाग कायकी, अम्मा! पत्थरां का माल है. पानी डाले तो रूठ जाता."

सई म्हणाली हे काही तितकंसं खरं नाही, पाणी घातलं तर सीताफळ चांगलंच वाढतं. बाईनं सईकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बच्ची पढ़ेली दिखती," ती म्हणाली, आणि जास्तीचं एक सीताफळ टाकलं ते माझ्या पिशवीत. सईला दिलं नाही.

मग सई मला काठावरून खाली उतरवायला निघाली. पाऊलवाट होती, पण ती सईच्या वयाच्या माणसासाठी होती. माझ्या चपलेचा अंगठा तुटला, उरलेला उतार मी बसून उतरले. खाली पोचले तर हवा गार. उंबर, जांभूळ, करंज, एकमेकांत फांद्या घालून दाटीनं उभे. दगडाच्या कपारीतून पाणी झिरपत होतं आणि तिथं नेचा उगवला होता, हिरवागार, कोकणातून चुकून आल्यासारखा. वर बघितलं तर काठावरचं सीताफळ दिसत होतं. इतकं जवळ की वरून कुणी बी थुंकलं असतं तर माझ्या डोक्यात पडलं असतं.

ह्यांची पहिली नोकरी बिदरला. आमची खोली ह्याच काठावर होती. तिथं खिडकीत बसून मी माहेरी पत्रं लिहायची, 'इथे झाड म्हणून औषधाला नाही.' खिडकीतून खाली वाकून बघितलं असतं तर औषध दिसलं असतं. पण मी दुःखात होते आणि दुःखात माणसानं समोर क्षितिजाकडे बघायचं असतं अशी माझी समजूत होती.

"पाऊस एकच, ऊन एकच," सई म्हणाली. "पाणी कुठं थांबतं आणि कुठून निघून जातं, एवढ्यावर इथं जंगल की झुडपं की गवत ते ठरतं."

"मग सोपं आहे," मी म्हटलं. "माळावर खड्डे करू, पाणी थांबवू. जंगल होईल."

"टँकर आहे तोवर झाडं जगतील, आज्जी. त्यातली जी जगतील ती सावली करतील, आणि माळाच्या गवताला सावली सोसत नाही. झाडंही नीट होणार नाहीत आणि गवतही जाईल."

"गवतच ना?"

"हं," ती म्हणाली. "गवतच."

बस येईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. माझी तुटकी चप्पल मात्र तिनं दोरीनं बांधून दिली. राग आला तरी चप्पल बांधून देण्याची पद्धत तिच्या आजोबांची.

गाव

गावात शिरतानाच मारुतीच्या पाराजवळ जेसीबी उभा होता, धुऊन पुसून, हार घातलेला. साहेब दुसऱ्या दिवशी यायचे होते.

"या या, हुल्याक्का!" पारावरून कुणीतरी ओरडलं.

हे माझं गावातलं नाव. त्याचा खुलासा करायलाच हवा. आमच्या घरी मराठी बोलतात, सुनेला कळू नये ते कानडीत; गडीमाणसं कानडी, बाजार दखनी. लग्नानंतर मी चित्रांच्या एका पुस्तकातून कानडी शिकायला घेतलं आणि प्राण्यांच्या पानापर्यंत आले. 'हुली' म्हणजे वाघ, हे पाठ झालं. एका दुपारी घरात एकटी होते. बाहेर गडी ओरडला, "हुल्लु बंतु!" मी दार लावलं, खिडक्या लावल्या आणि जवारीच्या कणगीवर चढून बसले. कानडीत 'हुल्लु' म्हणजे गवत, 'बंतु' म्हणजे आलं. गवताची गाडी आली होती आणि बिचारा दार उघडायला सांगत होता. सासूबाई शेतातून आल्या तेव्हा गाडी अंगणात होती, बैल दारात होते आणि सून कणगीवर होती.

माझी धाकटी जाऊ महादेवी तेव्हा अजून लग्न होऊन यायची होती, पण ती गोष्ट ती डोळ्यांनी पाहिल्यासारखी सांगते. माझ्या हातातली पिशवी घेत म्हणाली, "अक्का, बारीक झालाव की वो. पुण्यात खायला घालत न्हाईत का?"

"गवत घालतात."

"व्हय, ते तर तुमाला भ्या वाटतंय."

अंगणातून माळ दिसतो. माळाच्या काठावर एक झाड दिसतं, छत्रीसारखं, एकटंच. ते माझं झाड. माझं आवळ्याचं झाड.

लग्नाच्या पहिल्या पावसाळ्यात मी माहेरहून आवळ्याचं रोप आणलं आणि माळावर लावायचा हट्ट धरला. ह्यांनी पहारीनं खड्डा करून दिला. दगड फोडताना त्यांचा घामटा निघाला. मी जॉर्जेटची निळी साडी नेसून शेजारी उभी राहून प्रोत्साहन देत होते. कार्तिकात रोप बघायला परत चढले, तर गवत वाळलेलं आणि कुसळं तयार. साडी, परकर, मोजे (हो, मी साडीवर मोजे घालत असे), सगळ्यांत कुसळं घुसली. रात्रभर कंदिलाशी बसून सासूबाई एकेक उपसत होत्या आणि कानडीत बोलत होत्या. तेव्हापासून मी माळ चढले नाही. झाड खालून बघायचं.

आणि झाड जगलं. त्या दगडात माझंच एक झाड जगलं. पुढे नोकरी लागली, बदल्या झाल्या, बिदर, सोलापूर, पुणे, पण कार्तिकात आम्ही गावी जायचो. आमच्याकडे आवळीभोजन असे. झाडाखाली बसून जेवण्याची रीत, पण कुसळांमुळे आम्ही अंगणात पंगत मांडायचो, आवळ्याच्या झाडाकडे तोंड करून. हे मात्र सकाळीच माळावर जाऊन यायचे आणि रुमाल सोडून माझ्यासमोर आवळे ओतायचे. "तुझ्या झाडाचे." मी मोरावळा करायचे, बरण्या भरायचे, पुण्याला जाऊन वाटायचे. लोकांना सांगायचे, खडकात जगवलंय. वर, माणसात जिद्द हवी, असंही.

स्मृतिवनाची सगळी कल्पना या झाडावरच उभी होती. एक जगतं तर शंभर का नाहीत?

माळ

समारंभाच्या दिवशी सकाळी सई म्हणाली, "चल." महादेवीही निघाली, हातात दुधाचा तांब्या, कारण परत येताना गवळ्याकडे जायचं होतं. मुरमाची एक गाडीवाट आहे, तिनं आम्ही चढलो. आश्विनातलं ऊन, वारा, आणि वर पोचलो तर...

आता हे कसं सांगू? दुबईवाल्यांना सोपं होतं. माझ्याकडे दाखवायला पुरुषभर उंचीचंही काही नाही. सोनेरी म्हणावं तर पलीकडे गुलाबी झाक, वारा आला की सगळा माळ एका अंगावरून दुसऱ्या अंगावर वळतो. चंडोल पायातून उडून वर जाऊन ओरडत होते. लांब काळविटांचा कळप उभा होता. त्यांनी आमच्याकडे बघितलं आणि आम्ही विशेष नाही असं ठरवून पुन्हा चरायला लागले.

सईनं चौकोन दाखवले. कुंपणाबाहेर कुसळ आणि तरवड. मेंढ्या गोड गवत आधी खातात आणि कुसळ पिकलं की त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून बाहेर कुसळाचं राज्य. कुंपणाच्या आत पवन्या आणि शेडा, मऊ, मांडीपर्यंत आलेले. ते कुणी पेरले नव्हते. दगडावरच्या त्या विताएवढ्या मातीत त्यांची मुळं वाट बघत होती.

मग तिनं एक कुसळ माझ्या तळहातावर ठेवलं आणि बाटलीतलं पाणी थेंबभर सोडलं. कुसळाची वाळलेली शेपटी हलली, पीळ सुटायला लागला, आणि ती घड्याळाच्या काट्यासारखी गोल फिरू लागली. टोक माझ्या कातडीत रुतायला लागलं.

"दव पडलं की फिरतं, ऊन आलं की उलटं फिरतं. असं करत बी जमिनीत शिरतं," सई म्हणाली.

"किंवा जॉर्जेटमध्ये."

"किंवा जॉर्जेटमध्ये."

मी म्हटलं, आता माझ्या आवळ्याकडे चला. सई म्हणाली, ऊन चढलंय आज्जी, उतरू या. महादेवी म्हणाली, दूध नासंल. दूध अजून गवळ्याकडेच होतं. मी चालू लागले.

झाडाखाली जाऊन उभी राहिले. पान बारीक, पिसासारखं. साल पांढुरकी. फांदीफांदीवर बोटाएवढे पांढरे काटे, आणि फिक्या पिवळ्या फुलांचे गोंडे. खाली वाळक्या शेंगा.

आवळ्याला शेंगा येत नाहीत. हे मलासुद्धा माहीत आहे.

"सई, हे काय आहे?"

सई चौकोनाकडे बघू लागली. "हिवर आहे, आज्जी. बाभळीच्या जातीतला."

"आणि आवळा?"

"आवळा पयल्याच उन्हाळ्यात वाळला वो, अक्का!" महादेवीला दम निघेना. "मोठ्या भावजींनी कुणाला सांगू दिलं न्हाई. खड्डा तसाच ऱ्हायला. मेंढरं शेंगा खाऊन आली आसतील, लेंडीतनं हे उगवलं."

"आवळे कुठले होते मग?"

"कल्याणच्या बाजारातले. सांच्याला जाऊन आणायचे, गोठ्यात ठिवायचे. एकदा गाईनं खाल्ले तर परत गेल्ते, सायकलीवर." ती पदर तोंडाला लावून हसू लागली, मग माझ्याकडे बघून थांबली. "गावात समद्यांला म्हाईत हाय वो."

कल्याण म्हणजे आमचं बसवकल्याण. सायकलीवर तेही लांबच आहे.

मी सईला विचारलं, "तुलाही माहीत होतं?"

"पहिल्यांदा चौकोन घालायला आले तेव्हा आजोबा बरोबर होते. इथं सावलीत बसले होते. म्हणाले, तुझ्या आज्जीला जंगल पाहिजे आन् मला गवत. पन्नास वर्षं झाली, गवतच जिंकायलंय. तिला सांगू नको." सई थोडी थांबली. "मी त्यांना म्हटलं, आज्जीनं खणायला लावलेल्या खड्ड्यानं दगडाला फट पडली, म्हणून हे झाड आलं. नाहीतर इथं आलं नसतं. तर म्हणाले, तेही तिला सांगू नको, आणखी खणायला लावील."

मी पाण्याची बाटली मागितली. तहान नव्हती.

खालून गाड्यांचे हॉर्न ऐकू आले. साहेब वेळेच्या आधी आले होते.

साहेब भले गृहस्थ होते. पांढरा शर्ट, काळे बूट, पांढरे मोजे. बरोबर फोटोवाला, दोन-तीन मंडळी आणि एक तरुण बाई जॉर्जेटच्या साडीत. पारावर नारळ फुटला. भावजी म्हणाले, "सायेब, गाडीवाटेनं जाऊ, सोपी हाय."

"थांबा भावजी," मी म्हटलं. "माझा माळ आहे. वाट मी दाखवते."

सईनं माझ्याकडे बघितलं. मी सईकडे बघितलं नाही.

गाडीवाट उजवीकडून जाते. मी डावीकडून नेलं. तिथं मेंढ्यांचा दांड, म्हणजे त्यांची रोजची चरायची वाट आहे, उन्हाळाभर चरून चरून तिथं कुसळाशिवाय काही उरलेलं नाही, आणि ते पुरतं पिकलं होतं. मी परकर खोचून पुढे. मागे साहेब, मागे मंडळी. जॉर्जेटवाली बाई नेटानं चढत होती आणि सोबतीणीला सांगत होती, इथं लोक काहीच कसे लावत नाहीत! मला तिच्यात माझं तरुणपण दिसलं. फार दया आली. तरी नेलं.

अर्ध्यात साहेब थांबले. मग एका पायावर उभे राहिले. मग दगडावर बसले.

"हे काय आहे हो, आजी?"

"गवत आहे, साहेब."

"चावतंय."

"चावत नाही, पेरून घेतंय. माती मिळाली नाही तर त्याला मोजा चालतो."

साहेबांनी मोजा काढला. मोजा साळिंदर झाला होता. फोटोवाला खाली वाकून फोटो घ्यायला गेला आणि विव्हळत उठला. बाई साडीच्या निऱ्या हातात धरून स्तब्ध उभी होती, हलली की आणखी टोचत होतं. ही अवस्था मला नेमकी माहीत आहे.

"अजून किती वर जायचं?" साहेबांनी विचारलं.

"झालं, आलंच. पुढे जरा दाट आहे."

साहेबांनी वर बघितलं. खाली बघितलं. खाली ओढा होता, ओढ्याकाठी गाळाची ओली जमीन, शेजारी डांबरी रस्ता. "झाडं तिकडे लावली तर? रस्त्यावरून लोकांना दिसतील. फलक पण शोभेल."

"तुम्ही म्हणाल तसं, साहेब," मी म्हटलं. "तुमचा शब्द मोडवत नाही."

महादेवी माझ्या कानाशी आली आणि हळूच म्हणाली, "अक्का, हुल्लु बंतु."

ओढ्याकाठी करंज, जांभळं, उंबर लागले. ते तिथले आहेत, तिथं राहतील. जेसीबीचा हार काढून फलकाला घातला. साहेबांचं भाषण बूट न घालता झालं. मला दोन शब्द बोलायला सांगितलं, मी दोनच बोलले, "बरं झालं."

सगळे गेल्यावर भावजी माझ्यासमोर येऊन उभे राहिले. रागावले होते. पण फोटोत रस्ता, फलक आणि ते स्वतः तिन्ही चांगले आले होते, त्यामुळे पुरते रागावता येत नव्हतं.

"वैनी, गाडीवाट सोडून कुसळातनं कामून नेलं त्यांला?"

"पन्नास वर्षांत चढले नाही भावजी. वाट आठवेना."

"सकाळीच तर जाऊन आलाव."

"त्यामुळेच जास्त विसरले."

"मग माळावर आता काय करायचं?"

"काही नाही."

"काहीच न्हाई?"

"काहीच नाही. तुमचे दादा तेच करत होते."

सई तारेच्या कुंपणाची एक खुंटी सारखी करायला माळावर परत गेली होती. येताना रडून आल्यासारखी दिसत होती. म्हणाली, वाऱ्यानं डोळ्यात कुसळ गेलं. मी म्हटलं, जातं कधीकधी.

पुण्याला आल्यावर परकर धुवायला टाकला. पाणी लागलं आणि राहिलेली कुसळं बादलीत एकेक फिरायला लागली, माती शोधत. मी ती काढून गॅलरीतल्या कुंडीत टाकली. गुलाब काढून टाकावा लागला. त्याची सावली पडत होती.

मग कार्तिक लागला. मंडईत जाऊन निवडून आवळे आणले, चांगले टपोरे. मोरावळा केला, बरण्या भरल्या, सोसायटीत वाटल्या. दुबईला जाऊन आलेल्या समोरच्या वहिनींनी बरणी उजेडात धरली आणि विचारलं, "यंदाही तुमच्याच झाडाचे का हो?"

म्हटलं, "हो तर. माळावरचे. यंदा बहर चांगला होता."